केकमधली दालचिनी आणि पगारी सुट्टी

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



आजचा विषय ग्रुपवर टाकला तेव्हा दोघातिघांनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "ताई, ‘बेकरी’च लिहायचं होतं ना? की टायपिंगमध्ये काही गडबड झाली?" प्रश्न रास्त आहे. या वर्गात आपण आरक्षणावरचे निकाल वाचले, रखडलेल्या फेलोशिपबद्दल बोललो, वसतिगृहातल्या मुलांच्या आत्महत्यांबद्दल बोललो. त्या रांगेत बेकरी कुठे बसते? पण मी खरोखरच एका बेकरीबद्दल बोलणार आहे. केरळात, कण्णूर जिल्ह्यात, तलश्शेरी नावाच्या समुद्रकाठच्या गावात ती आहे. डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही चौघी मैत्रिणी तिथे गेलो होतो. संशोधनासाठी नाही, परिषदेसाठी नाही. फिरायला.

"फिरायला" हा शब्द उच्चारताना माझी जीभ अजून जरा अडखळते. त्यापासूनच सुरुवात करते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात सुट्टी म्हणजे काय होतं ते आठवा. दिवाळीची सुट्टी म्हणजे कापूस वेचणी. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे हळद काढणी, नाहीतर मुकादमाकडून उचल घेतलेल्या मामाची पोरं सांभाळणं. माझं शाळेतलं "मी सुट्टीत काय केले" हे निबंधाचं पान दरवर्षी खोटं असायचं. मी त्यात महाबळेश्वर पाहिलं आहे, समुद्र पाहिला आहे. प्रत्यक्ष समुद्र मी एम.ए.ला असताना पाहिला. आईला सुट्टीचा एकच अर्थ माहीत होता: काम मिळालं नाही तो दिवस. आजही ती म्हणते, "आज सुट्टी पडली." सुट्टी "मिळत" नाही, "पडते". जशी वीज पडते, तशी.

म्हणून तलश्शेरीचं ठरलं तेव्हा मी घरी फोनवर "कामासाठी चालले" असं म्हणू शकले असते. मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, "आई, फिरायला चालले, चार दिवस." पलीकडे थोडी शांतता. मग प्रश्न: "कोणतं देवस्थान आहे तिथं?" म्हटलं, देवस्थान नाही, बेकरी आहे. आई म्हणाली, "बेकरी तर आपल्या स्टँडवरबी हाये."

ही बेकरी कोणती, ते सांगते. माम्बळ्ळी बापू नावाच्या गृहस्थाने १८८० साली तलश्शेरीत ‘रॉयल बिस्किट फॅक्टरी’ काढली. (तिकडे बापू हे नाव आहे, आपल्यासारखं आजोबांना हाक मारायचं संबोधन नाही.) बापू आधी ब्रह्मदेशात होते, बिस्किटं करायला तिथे शिकले. त्या काळात भट्टीतली बिस्किटं, पाव हा माल गोऱ्या साहेबांसाठी, सैन्यासाठी असायचा. आपल्या लोकांच्या मालकीची बेकरी ही नवलाची गोष्ट होती.

पुढची गोष्ट तलश्शेरीत कुणीही सांगेल. १८८३च्या डिसेंबरमध्ये मर्डॉक ब्राऊन नावाचा इंग्रज मळेवाला बापूंकडे आला. त्याने विलायतेहून आणलेला प्लम केक पुढे ठेवला आणि विचारलं, असा करून देशील? कसा करायचा ते थोडक्यात सांगितलं. कोको, मनुका, खजूर, सुकामेवा दिला. शेजारच्या माहेतून, म्हणजे फ्रेंचांच्या ताब्यातल्या गावातून, ब्रँडी आण असंही सांगितलं. बापूंनी धर्मडमच्या लोहाराकडून साचा करून घेतला. मसाले मलबार किनाऱ्यावरचेच घेतले. आणि फ्रेंच ब्रँडीऐवजी काजूच्या बोंडापासून आणि कदळी केळ्यापासून केलेली गावठी दारू वापरली. २० डिसेंबर १८८३ रोजी केक ब्राऊनच्या पुढे ठेवला. साहेबाने चव घेतली, खूश झाला आणि आणखी डझनभर केकची ऑर्डर दिली. भारतात बनलेला पहिला ख्रिसमस केक तो हाच, असं अभिमानाने सांगितलं जातं. बापूंच्या घराण्याची चौथी पिढी आजही या धंद्यात आहे आणि घराण्याच्या वेगवेगळ्या शाखांनी केरळभर बेकऱ्या काढल्या आहेत.

आम्ही गेलो तेव्हा ख्रिसमस तोंडावर होता. गर्दी होती. काउंटरवर केकचे डबे एकावर एक रचले होते. कुणी दुबईला न्यायला घेत होतं, कुणी शेजाऱ्यासाठी. आम्ही अर्ध्या किलोचे दोन घेतले. एक समुद्राच्या भिंतीवर बसून संपवला. काळसर, जड, ओलसर केक. आधी गोड, मग मनुकेची आंबट चव, आणि शेवटी जिभेवर बराच वेळ राहते ती दालचिनी. खूप छान होता. हे स्पष्ट सांगते, कारण पुढे मी जे बोलणार आहे त्यामुळे तुम्हाला वाटेल की बाईला केक आवडला नाही.

आता समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीसारखं बोलू. कुठलीही "पहिल्यांदा अमक्याने तमकं केलं" अशी गोष्ट समोर आली की दोन याद्या करायच्या. गोष्टीत कोण आहे, आणि वस्तूत कोण आहे. गोष्टीत आहेत ब्राऊन आणि बापू. फार तर तो लोहार, तोही नावाशिवाय. वस्तूत, म्हणजे केकमध्ये, काय आहे? मैदा, साखर, लोणी, अंडी, मनुका, दारू आणि मसाला. यातली एकेक वस्तू धरून मागे मागे जायचं.

आमच्यातली एक मैत्रीण कण्णूरचीच आहे, दलित ख्रिस्ती घरातली. भिंतीवर बसून केक खाताना ती म्हणाली, "आमच्या घरी ही गोष्ट बेकरीपासून सुरू होत नाही. अंजरकंडीपासून सुरू होते."

अंजरकंडी तलश्शेरीपासून जवळ आहे. १७९७च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीने तिथे मसाल्याच्या पिकांचा मळा काढला. दालचिनीसाठी तो नावाजला गेला. मळ्याचा व्यवस्थापक होता मर्डॉक ब्राऊन. १८८३चा नाही, त्याच नावाचा आधीचा. तो १८२८ साली वारला. पुढे मळा त्याच्या घराण्याकडे राहिला. आता बघा, गोष्टीत १८८३च्या ब्राऊनला "ईस्ट इंडिया कंपनीचा मळेवाला" म्हणतात. पण कंपनीचं राज्य १८५८ला संपलं आणि १८७४ला कंपनीच विसर्जित झाली. गोष्ट सांगणाऱ्यांनी दोन ब्राऊन एकमेकांत मिसळले आहेत. ते मिसळल्यामुळे काय झाकलं जातं, ते महत्त्वाचं आहे.

पहिल्या ब्राऊनच्या मळ्यावर राबत होते ते पुलया जातीचे गुलाम. गुलाम हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. मलबारात माणसं जमिनीसकट विकली जात, गहाण टाकली जात, भाड्याने दिली जात. ब्राऊनने मळ्यासाठी अशी माणसं विकत घेतली. त्यात दक्षिणेकडून, त्रावणकोरातून, पळवून आणलेली माणसं आणि लहान मुलंही होती. १८११-१२च्या सुमारास उत्तर मलबारचा मॅजिस्ट्रेट थॉमस बेबर याने मळ्यावरून अशा लोकांची सुटका केली आणि त्यावरून बेबर आणि ब्राऊन यांचं मोठं भांडण जुंपलं. कंपनीच्या कागदपत्रांत हे सगळं आहे. कंपनीच्या मुलखात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा आला तो १८४३मध्ये. म्हणजे केकच्या चाळीस वर्षं आधी. चाळीस वर्षं म्हणजे किती? गुलाम म्हणून जन्मलेली बाई केकच्या वर्षी पन्नाशीत असेल आणि त्याच मळ्यावर मजुरी करत असेल.

दालचिनी कशी काढतात? पावसानंतर कोवळ्या फांद्या तोडायच्या, वरची साल खरवडायची, आतली साल अखंड निघेल अशी सोडवायची, मग ती एकात एक घालून सावलीत वाळवायची. वाळताना ती आपोआप गुंडाळली जाते. हे कौशल्याचं काम आहे. हात हलके लागतात. ज्यांच्या हाताचं पाणी चालत नव्हतं, ज्यांची सावली चालत नव्हती, त्यांच्या हाताने सोललेली साल विलायतेच्या राजवाड्यापासून नंबुद्रीच्या वाड्यापर्यंत सगळीकडे चालत होती. तुमच्या-माझ्या गावातही हेच असतं. आपल्या आयांनी निंदलेली ज्वारी चालते, वेचलेली मिरची चालते, पाखडलेली डाळ चालते. त्याच डाळीची आमटी आपल्या आईने केली की चालत नाही. कच्च्या मालाला विटाळ नसतो. ताटाला असतो.

दुसरी यादी इथे थांबत नाही. बापूंकडे परत या.

माम्बळ्ळी हे थिय्या घराणं. थिय्या म्हणजे उत्तर मलबारातली मोठी जात. माडी काढणं हा त्यांच्या माथी मारलेला पिढीजात धंदा. सवर्णांच्या दृष्टीने तेही अस्पर्श. एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी सांगतात की ब्राह्मणापासून थिय्याने छत्तीस पावलं लांब राहायचं आणि पुलयाने शहाण्णव पावलं. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिचं इतकं स्वच्छ गणित क्वचितच कुठे सापडेल. छत्तीस आणि शहाण्णव. मधल्या साठ पावलांत थिय्या आणि पुलया यांची एकजूट अडकून पडते, कारण छत्तीसवाल्यालाही आपल्या मागे कुणीतरी उभं आहे याचं समाधान मिळतं.

म्हणून बापूंच्या गोष्टीकडे मी दोन्ही डोळ्यांनी बघते. एका डोळ्याने बघते तेव्हा अभिमान वाटतो. ज्याला छत्तीस पावलं लांब उभं केलं तो माणूस समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात जातो, परक्या भट्टीवर हुन्नर शिकतो, परत येऊन स्वतःची फॅक्टरी टाकतो. आपल्याकडे रेल्वे, गिरणी, गोदी आणि पलटण यांनी महार-मांग-चांभारांना गावाबाहेरचा रस्ता दाखवला. तसा थिय्यांना बंदरांनी आणि जहाजांनी दाखवला. आणि केकमध्ये पडलेली ती गावठी दारू बघा. जो धंदा हलका ठरवून माथी मारला, त्याच धंद्यातलं ज्ञान फ्रेंच ब्रँडीच्या जागी बसलं आणि साहेबाच्या जिभेवर पास झालं. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

तलश्शेरीच्या याच पिढीतली आणखी एक गोष्ट आपल्या मुलखाशी जोडलेली आहे. कीलेरी कुञ्ञिकण्णन हे तिथल्या मिशन शाळेत व्यायाम शिकवणारे थिय्या शिक्षक. विष्णुपंत छत्रे यांची सर्कस १८८७-८८च्या सुमारास तलश्शेरीला आली, तेव्हा दोघांची गाठ पडली. मुलांना कसरती शिकवायच्या कुञ्ञिकण्णननी आणि काम द्यायचं सर्कशीने, असं ठरलं. पुढे १९०१मध्ये त्यांनी चिरक्करा इथे सर्कशीची शाळाच काढली आणि भारतातल्या सर्कशींना कलावंत पुरवणारं गाव म्हणून तलश्शेरी प्रसिद्ध झालं. केक आणि सर्कस, दोन्हीकडे एकच तऱ्हा दिसते. जिथे शास्त्र आधीच लिहून ठेवलेलं नव्हतं, अशा नव्या धंद्यात खालच्या मानलेल्या जातींनी शिरकाव केला. भट्टीचे आणि झुल्याचे नियम मनूने लिहिले नव्हते.

दुसऱ्या डोळ्याने बघते तेव्हा मात्र छत्तीसवाल्याची गोष्ट वारसा झालेली दिसते आणि शहाण्णववाल्याची गोष्ट मैत्रिणीच्या घरात, जेवताना, हळू आवाजात सांगितली जाते. यात बेकरीवाल्यांचा काही दोष नाही. त्यांनी मेहनतीने धंदा उभा केला आहे आणि आपल्या पूर्वजाची आठवण जपली आहे. प्रश्न आपण वारसा कशाला म्हणतो, हा आहे.

आता आपल्याकडे या. पाव आणि बिस्किट यांनी महाराष्ट्रात जेवढा गोंधळ घातला तेवढा फार थोड्या पदार्थांनी घातला असेल. पाव खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये बऱ्याच नामवंत मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशींनी नावं वर्तमानपत्रात पोचवली आणि पुण्यात मोठं ग्रामण्य झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आयोग बसला, प्रायश्चित्तं झाली. हा प्रसंग शाळेत गंमत म्हणून सांगतात. मी तो पुन्हा वाचला तेव्हा माझ्या मनात एकच विचार आला. ज्यांना बिस्किटाने बाट लागला त्यांना प्रायश्चित्ताची सोय होती. थोडा खर्च, थोडं पंचगव्य, आणि माणूस होता तिथे परत. त्यांच्यासाठी विटाळ ही एक घटना होती, तिला तारीख होती. आपल्या आज्यासाठी विटाळ ही जन्माची ओळख होती आणि तिच्यावर कुठल्याही शंकराचार्यांकडे औषध नव्हतं. ते औषध १९५६ साली नागपुरात मिळालं.

पुढे बिस्किटाला जातीने आपल्या घरात घेतलं. १८९८मध्ये दिल्लीत ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली आणि तिने जाहिरातच केली की आमचा माल उच्च जातीच्या हिंदूंच्या हातचा आहे. कर्नाटकात हसन भागातल्या अय्यंगार कुटुंबांनी बेकऱ्या काढल्या, बिनअंड्याचा माल केला, आणि "अय्यंगार बेकरी" हे नाव इतकं चाललं की आज पुण्या-मुंबईच्या गल्लोगल्ली ती पाटी दिसते. आत मालक कुठलाही असो, पाटीवर अय्यंगार पाहिजे. कारण ती पाटी गिऱ्हाइकाला न बोलता एक हमी देते. ही हमी कशाची आहे, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पावाचा विटाळ असा संपला नाही. तो पाटीवर जाऊन बसला. या कारणासाठीच २०१६मध्ये चंद्रभान प्रसाद यांनी ‘दलित फूड्स’ नावाने मसाले आणि लोणची विकायला काढली, तेव्हा त्या नावालाच हिंमत लागली होती. अय्यंगार नाव लावायला हिंमत लागत नाही.

हे सगळं मी सांगत असताना तुमच्यातल्या काहींच्या मनात एक वाक्य आलं असेल. ते मला गाडीत समोरच्या बर्थवरच्या एका सहप्रवाशाने तोंडावर ऐकवलं. सभ्य माणूस, चांगला शिकलेला. आमच्या गप्पा ऐकून म्हणाला, "तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीत जात का आणता? केक खा ना, मजा करा." माझी विदर्भातली मैत्रीण म्हणाली, "काका, आणली नाही. आत होतीच. आम्ही फक्त घटकपदार्थ वाचतोय." बाकी प्रवास काका वर्तमानपत्र वाचत होते.

पण त्या काकांपेक्षा मला दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्याच घरातून येते. परत आल्यावर आमच्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला विचारलं, "समाज एवढ्या अडचणीत असताना तुम्ही पोरी केक खायला पाचशे मैल जाता?" त्यांच्या रागामागे त्यांचं आयुष्य आहे, मी तो कमी लेखत नाही. त्यांनी उपाशी राहून वसतिगृहं चालवली. तरी मी त्यांना जे उत्तर दिलं तेच इथे देते.

आपल्या लोकांचा अन्नाशी संबंध कसा होता? येसकराची पाळी आली की संध्याकाळी घरोघर भाकरीसाठी उभं राहायचं. वरून टोपल्यात पडेल ते घ्यायचं. ताजं की शिळं हे विचारायचं नाही. तुकडा पडायचा, आपण तो झेलायचा. १९२७ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की शिळे तुकडे मागणं सोडा, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. पाण्याच्या सत्याग्रहाच्या बरोबरीनेच हे सांगितलं. तुकडा झेलणाऱ्या हाताला पैसे देऊन वस्तू मागणारा हात बनायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या.

आमच्या वस्तीत सायकलवर पत्र्याची पेटी लावून बेकरीवाले चाचा यायचे. टोस्ट, खारी, जिरा बटर, नानकटाई. मराठवाड्यात "बटर" म्हणजे लोणी नव्हे, तो टणक गोल पाव, हे तुम्हाला माहीत आहेच. माझी आजी, जिने लहानपणी आईबरोबर भाकरी मागितली होती, ती चाचांकडून दोन रुपयांचे बटर घेताना एकेक दाबून बघायची. "हे नरम हाये, दुसरं दे." चाचा दुसरं द्यायचे. लहानपणी मला ती कटकट वाटायची. आज मी त्याच्याकडे आमच्या घराण्याचा इतिहास म्हणून बघते. निवडायचा आणि नाकारायचा हक्क आजीने आयुष्यात पहिल्यांदा बहुधा त्या पेटीसमोर वापरला.

काउंटर म्हणजे समता, असं मी म्हणत नाही. पैसे दिले की माल मिळतो, पण भट्टीचा मालक कोण, रात्री दोन वाजता पीठ मळणारा कोण, सकाळी नाली साफ करणारा कोण, हे काउंटर सांगत नाही. आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्यासाठी काउंटर म्हणजे भिंतच आहे. तरीही झेलणं आणि निवडणं यातला फरक लहान नाही. ज्यांनी कधी झेललं नाही त्यांना तो कळणार नाही.

आता सुट्टीबद्दल. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात त्यांनी कारखाने कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं आणि १९४५मध्ये त्याचा कायदा झाला. वर्षभर सलग काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी, आणि बालकामगाराला चौदा दिवसांची. पुढच्याच वर्षी आठवड्याचे कामाचे तास अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्ती झाली. महायुद्ध चालू आहे, देशाचं भवितव्य ठरतंय, अशा काळात हा माणूस गिरणीतल्या कामगाराला दहा दिवस विसावा कसा मिळेल याचं कलम लिहीत बसला होता. समाज अडचणीत असताना सुट्टी कशाला, हा प्रश्न त्यांना पडला नाही. ज्याच्या जन्माचा प्रत्येक दिवस दुसऱ्याच्या कामाला बांधलेला आहे, त्याला स्वतःचा दिवस मिळणं हा मुक्तीचाच भाग आहे, असाच अर्थ मी त्या कलमाचा लावते.

तो कायदा कारखान्यापुरता होता. शेतमजूर बाई त्यात नव्हती, मळ्यातली बाई नव्हती, घरकाम करणारी, ऊस तोडणारी नव्हती. माझ्या आईची सुट्टी आजही "पडते". म्हणजे काम अर्धं झालं आहे. उरलेलं कुणी करायचं, तर ते आपण. आपल्यातल्या कुणी कायदा शिकतंय, कुणी अर्थशास्त्र, कुणी स्पर्धा परीक्षा देतंय. पगारी सुट्टी हा विषय तुमच्या यादीत आहे का? नसेल तर घाला. पण ज्याने स्वतः कधी विसावा घेतला नाही, त्याला दुसऱ्याच्या विसाव्यासाठी भांडायला जड जातं. तो म्हणतो, मी केलं, तुम्हीही करा. फेलोशिप सहा-सहा महिने येत नाही, घरी पैसे पाठवायचे असतात, गाईडला प्रकरण द्यायचं असतं. या सगळ्यात चार दिवस काढणं आपल्याला गुन्हा वाटतो. वर्गातल्या दुसऱ्या मुलांना तो वाटत नाही, कारण त्यांच्या घरात सुट्टी पिढीजात आहे. आपल्याला जसं कर्ज पिढीजात आहे, तशी.

तेव्हा तुम्हाला दोन गोष्टी करायला सांगते.

पहिली, फिरायला जा. जमेल तेवढं, स्लीपरने, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून, पण जा. आणि घरी खरं सांगून जा. आपल्या आईबापांनाही हा शब्द ऐकायची सवय लागली पाहिजे. मी दुसरा केक घरी नेला. आईने डबा उलटसुलट करून पाहिला, किंमत विचारली, एक तुकडा खाल्ला, आणि म्हणाली, "जड हाये. चहात बुडवावा लागंल." मग शेजारच्या चार घरी वाटला. वाटताना सांगत होती, "पोरगी फिरायला गेली होती." तिने "कामाला" म्हटलं नाही. मी ऐकलं.

दुसरी, जिथे जाल तिथे दोन याद्या करा. हैदराबादला बिर्याणी खा, कोलकात्याला संदेश खा, गोव्यात पाव खा. प्रसिद्ध वस्तूची गोष्ट कुणाच्या नावाने सांगतात ते एका बाजूला लिहा. त्या वस्तूत कुणाचे हात आहेत ते दुसऱ्या बाजूला लिहा. दोन याद्यांत जे अंतर पडेल, तोच आपला अभ्यासविषय. पहिल्या पिढीच्या पदवीधराकडे एक गोष्ट असते जी दहाव्या पिढीच्या पदवीधराकडे नसते: दुसरी यादी त्याला ग्रंथालयात शोधावी लागत नाही, ती त्याच्या घरात बोलत असते. माझ्या मैत्रिणीला अंजरकंडी ऐकून माहीत होतं. मी त्यानंतर ते कागदात वाचलं. क्रम तोच होता आणि तोच बरोबर होता. तेव्हा घरातली माणसं आहेत तोवर त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. आजी गेल्यावर कागद सापडतात, दालचिनी सोलणारा हात सापडत नाही.

शेवटी १३ एप्रिलबद्दल. रात्री बारा वाजता आपल्या प्रत्येक वस्तीत केक कापला जातो. त्यावर निळ्या क्रीमने "जय भीम" लिहिलेलं असतं. काही लोक नाक मुरडतात: ही पाश्चात्त्य थेरं कशाला, पुरणपोळी करा. मला तो केक आवडतो. त्याला सोवळं नाही, नैवेद्याचं ताट नाही, आधी कुणाला आणि नंतर कुणाला असा मान नाही. तो चौकात कापतात आणि पहिला तुकडा बहुतेकदा सगळ्यात लहान पोराच्या तोंडात जातो. येत्या जयंतीला तुम्ही जिथे असाल, हैदराबादला, दिल्लीला, बंगळुरूला, तिथे केक आणाच. कापण्याआधी दोन मिनिटं मागून घ्या आणि सांगा की या केकच्या इतिहासात एक अंजरकंडी आहे, एक माम्बळ्ळी बापू आहेत, पंचहौदातली बिस्किटं आहेत आणि १९४५चा एक कायदा आहे. दोनच मिनिटं. पोरांना जास्त वेळ थांबवू नका, क्रीम वितळतं.

जय भीम.